इमेल्डा मार्कोस: बुटांच्या ढिगामागे लपलेला पैसा

फिलिपिन्स म्हटलं की आपल्याकडे दोन गोष्टी आठवतात, एक त्यांची केळी आणि दुसरी ती हजारो बूट जमवणारी राष्ट्राध्यक्षाची बायको, इमेल्डा मार्कोस. केळीचं रावेर-यावलच्या माणसाला वेगळं सांगायला नको, आखाती देशांत माल पाठवायचा म्हटलं की समोर फिलिपिन्सचा माल असतोच. बुटांचं मात्र आपण व्हॉट्सॲपवर वाचतो, हसतो आणि पुढे पाठवून मोकळे होतो. मला त्याचंच वाईट वाटतं, कारण बुटांची गोष्ट खरी असली तरी त्या सगळ्या लुटीतला तो सगळ्यात स्वस्त भाग आहे.

हिशोबच करून बघू. २५ फेब्रुवारी १९८६ च्या रात्री मार्कोस कुटुंब अमेरिकन हेलिकॉप्टरमधून मनिलाचा मलाकान्यांग राजवाडा सोडून पळालं, लोक आत शिरले, तेव्हा बूट, गाऊन, पर्सेस, फरचे कोट असं काय काय मिळालं. आधी जगभर ३००० जोड असं छापून आलं, नंतर नीट मोजले तेव्हा आकडा हजाराच्या थोडा वर निघाला. तरी आपण ३००० च धरू आणि एका जोडाचे २०० डॉलर लावू, झाले ६ लाख डॉलर. आणि मार्कोस राजवटीत एकूण किती पैसा खाल्ला गेला त्याचा सगळीकडे धरला जाणारा अंदाज आहे ५०० ते १००० कोटी डॉलर. म्हणजे ६ लाखांवर सगळं जग चाळीस वर्षं बोलतंय आणि बाकीचा पैसा कुठून आला, कोणत्या कागदावरून गेला, कोणाच्या खिशातून गेला हे फार थोड्यांना माहीत आहे.

आमच्या गल्लीतले अप्पा, रिटायर्ड मास्तर, त्यांना मी हे सांगत होतो तर ते म्हणाले, "भाऊ, बायकोनं एवढं खाल्लं मंग नवरा काय करत होता? आन् बायकोच्या हातात सरकारी तिजोरी आलीच कशी?" दोन्ही प्रश्न एकदम बरोबर जागेवर आहेत, म्हणून त्याच क्रमाने सांगतो.

इमेल्डा रोमुआल्डेझ, जन्म १९२९ चा, लेयते बेटावरच्या टॅक्लोबान गावात वाढली. घराणं राजकारणातलं नामांकित, पण तिच्या वडिलांची शाखा पैशाने खालावलेली. दिसायला सुंदर, गाणं चांगलं. १९५४ मध्ये फर्डिनांड मार्कोस नावाच्या तरुण खासदाराने तिला पाहिलं आणि ११ दिवसांत लग्न ठरवून केलंसुद्धा. १९६५ ला मार्कोस राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आला, १९६९ ला परत आला, आणि तिथल्या घटनेप्रमाणे तिसऱ्यांदा उभं राहता येत नव्हतं म्हणून मुदत संपायच्या आधीच सप्टेंबर १९७२ मध्ये त्याने मार्शल लॉ लावला. संसद बंद, पेपर बंद, विरोधक तुरुंगात. ॲम्नेस्टी ह्या मानवी हक्क संस्थेचे आकडे बघितले तर त्या काळात सुमारे ७०,००० लोक डांबले गेले, ३४,००० जणांचा छळ झाला आणि ३,२४० जण मारले गेले. हे आकडे आधीच सांगतोय कारण बूट आणि दागिन्यांच्या गप्पांत हे लोक नेहमी मागे पडतात.

आता तिच्या अधिकाराचं. पुष्कळांना वाटतं की ती नुसती राष्ट्राध्यक्षाची बायको होती आणि नवऱ्याच्या जिवावर खरेदी करत फिरायची. तसं नव्हतं. १९७५ मध्ये नवऱ्याने तिला मेट्रो मनिलाची गव्हर्नर नेमलं, म्हणजे राजधानी आणि आजूबाजूची शहरं मिळून जो सगळा पट्टा होतो तो तिच्या ताब्यात, आणि त्यासाठी निवडणूक नाही की काही नाही. १९७८ पासून घरबांधणी आणि वसाहतींचं मंत्रालय तिच्याकडे. शिवाय देशाची खास दूत म्हणून ती चीनच्या माओला भेटली, लिबियाच्या गद्दाफीला भेटली. भाऊ कोकोय रोमुआल्डेझ लेयतेचा गव्हर्नर आणि पुढे अमेरिकेत राजदूत, आणि मनिलाला वीज पुरवणारी मेराल्को कंपनी मार्शल लॉच्या काळात लोपेझ घराण्याच्या हातातून सुटून त्याच्या माणसांकडे गेली. म्हणजे राजधानी बायकोकडे, वीज मेहुण्याकडे, लष्कर स्वतःकडे.

हुकूमशहाला बायकोच का लागते ह्यात, याचंही कारण साधं आहे. मंत्री बदलता येतो, जनरल उलटू शकतो, बायको मात्र त्याच्याबरोबरच तरते आणि बुडते. तिला कोणी हिशोब मागत नाही आणि तिच्या शब्दाला नवऱ्याच्या सहीइतकंच वजन असतं, त्यामुळे अधिकारी, बॅंकवाले, कॉन्ट्रॅक्टर सगळे कागद न मागता काम करून टाकतात. ट्युनिशियाच्या बेन अलीची बायको लैला त्राबेल्सी आणि तिचे भाऊबंद घ्या, रुमानियात चाउशेस्कूने बायकोला, एलेनाला थेट उपपंतप्रधान केलं ते घ्या, वाट तीच. पण कागद सगळ्यात जास्त सापडले ते मार्कोसचे, म्हणून समजून घ्यायला हीच केस चांगली.

तर मुद्द्याचं. १९६५ ते १९८६ ह्या वीसेक वर्षांत नवराबायको दोघांचा मिळून कायदेशीर पगार किती झाला, तर ३,०४,३७२ डॉलर. हा आकडा तिथल्या सुप्रीम कोर्टाच्या १५ जुलै २००३ च्या निकालात लिहिलेला आहे. आणि त्याच निकालात कोर्टाने त्यांचा जो पैसा सरकारजमा केला, तोही फक्त स्विस बॅंकांमध्ये सापडलेला, तो व्याजासकट होता ६५ कोटी ८० लाख डॉलर. दोन हजार पटींहून जास्त. फिलिपिन्समध्ये १९५५ चा एक कायदा आहे, त्यात सरळ म्हटलंय की सरकारी माणसाची मालमत्ता त्याच्या पगाराशी आणि बाकीच्या कायदेशीर उत्पन्नाशी उघडउघड जुळत नसेल तर ती बेकायदा मिळवली असं धरलं जाईल, आणि ती कायदेशीर आहे हे दाखवायची जबाबदारी त्या माणसावर. चोरी कोणत्या दिवशी, कोणत्या कपाटातून केली हे सरकारने सिद्ध करत बसायची गरज नाही. मार्कोस कुटुंबाला हे दाखवता आलं नाही. हा कायदा मला फार महत्त्वाचा वाटतो, बाकीचं सगळं विसरलात तरी चालेल पण हा लक्षात ठेवा.

आता स्विस बॅंकेत पैसा गेला कसा. १९६८ चा मार्च महिना, म्हणजे मार्शल लॉ लागायला अजून चार वर्षं बाकी, मार्कोस निवडून आलेला नेता, आणि झुरिचच्या क्रेडिट सुइस बॅंकेत दोन माणसांच्या नावाने खाती उघडली गेली. एक विल्यम सॉंडर्स आणि एक जेन रायन. सॉंडर्स म्हणजे फर्डिनांड आणि जेन रायन म्हणजे इमेल्डा. नमुना सहीचे जे कागद असतात ना, आपण बॅंकेत गेल्यावर भरतो तसे, ते कागद १९८६ नंतर तपासणाऱ्यांच्या हाती लागले आणि त्यावर ही खोटी नावं आणि त्यांच्या खऱ्या सह्या अशा दोन्ही होत्या. राष्ट्राध्यक्ष आणि त्याची बायको टेबलाशी बसून स्वतःच्या हाताने दुसऱ्याच नावाची सही घोटवतायत, आणि बॅंकेला ते कोण आहेत हे पक्कं माहीत आहे. माझ्या दृष्टीने बुटांच्या फोटोपेक्षा हा कागद जास्त बोलतो.

पुढे दोन वर्षांनी पद्धत अजून पक्की केली. लिख्टेनस्टाइन नावाचा स्वित्झर्लंडला चिकटलेला एक चिमुकला देश आहे, तिथे फाउंडेशन काढायचं. नाव फाउंडेशन, पण दवाखाना नाही, शाळा नाही, फक्त एक कागद, तिथल्या वकिलांची नावं संचालक म्हणून, आणि आतल्या एका गुप्त कागदावर लिहिलेलं असतं की ह्या पैशाचे खरे लाभार्थी कोण. बॅंकेतलं खातं फाउंडेशनच्या नावावर. मग मधूनमधून एक फाउंडेशन बंद करायचं, दुसरं काढायचं, पैसा तिकडे सरकवायचा, नाव बदलायचं. मालेर, अवेर्टिना अशी त्यांची नावं. आपण ज्याला बेनामी म्हणतो तेच हे, फक्त सूटबूट घातलेल्या वकिलांनी केलेलं.

हा पैसा भरायचा कोण, इथे मला जरा थांबायचंय कारण आपल्याशी ह्याचा जवळचा संबंध आहे.

फिलिपिन्समध्ये नारळ हे गरीब शेतकऱ्याचं पीक. खोबरं वाळवून ते विकतात, कोपरा म्हणतात त्याला. १९७३ मध्ये खोबरेल तेलाचे भाव भडकले तेव्हा सरकारने विकलेल्या कोपऱ्यावर लेव्ही लावली, कारण काय सांगितलं तर ग्राहकाला तेल स्वस्त मिळावं आणि पुढे नारळ शेतकऱ्याचं भलं व्हावं. आपल्याकडे एकाधिकार कापूस खरेदीच्या काळात पट्टीतून निधीच्या नावाखाली कपात व्हायची हे धरणगाव, चोपडा, पारोळ्याकडच्या जुन्या लोकांना आठवत असेल, माल तुमचा, भाव त्यांचा आणि कपात पण त्यांची, तसंच काहीसं समजा. तिथे शेतकऱ्याला एक पावती मिळायची, ही पावती दाखवली की तुम्हाला पुढे शेअर मिळतील असं सांगायचे. बेटावरचा अडाणी माणूस, झोपडीत पाऊस गळतो, तो ती पावती किती वर्षं सांभाळणार? कितीतरी जणांच्या पावत्या हरवल्या, कितीतरी जणांनी नोंदवल्याच नाहीत. इकडे त्या लेव्हीतून बॅंक विकत घेतली, तेलगिरण्या घेतल्या, सॅन मिगेल ह्या देशातल्या मोठ्या बिअर कंपनीचे शेअर घेतले, आणि हे सगळं चालवत होता मार्कोसचा खास माणूस एदुआर्दो कोहुआंग्को. हा पैसा थेट इमेल्डाच्या पर्समध्ये गेला असं मी म्हणत नाही, तसं म्हणणं चुकीचं होईल. पण ज्या साखळीवर तिचं सगळं वैभव उभं होतं त्यातली ही एक जाड कडी. साखरेचं तसंच. रोबेर्तो बेनेदिक्तो नावाचा मार्कोसचा कॉलेजचा दोस्त, सगळी साखर खरेदी त्याच्या हातात, पिकवणाऱ्याला काय मिळायचं ते तो ठरवणार. जगात साखरेचे भाव कोसळले तेव्हा नेग्रोस बेटावर ऊसतोड मजुरांची मुलं भुकेने हाडाची काडी झाली, १९८५ च्या सुमाराचे ते फोटो आजही बघवत नाहीत.

आणि केळी. दावावमध्ये अंतोनियो फ्लोइरेंदो नावाचा केळीसम्राट, टॅडेको त्याची कंपनी. तिची केळीबाग उभी आहे सरकारी तुरुंगाच्या हजारो हेक्टर जमिनीवर, १९६९ पासून भाड्याने घेतलेली, आणि बागेत कामाला तुरुंगातले कैदी. आपला शेतकरी घड कापायला मजूर मिळत नाही म्हणून रडतो, रोपाला, ठिबकला, खताला कर्ज काढतो, आणि तिकडे राजाच्या दोस्ताला जमीन सरकारी, मजूर सरकारी. मार्कोस गेल्यावर १९८७ मध्ये फ्लोइरेंदोने सरकारशी तडजोड केली, ७ कोटी पेसो आणि परदेशातली मालमत्ता हवाली केली, त्यात न्यूयॉर्कजवळच्या लॉंग आयलंडवरची एक मोठी इस्टेट होती जी कागदावर दुसऱ्याची पण वापर इमेल्डाचा.

तिसरा रस्ता म्हणजे परदेशी कर्ज. बातान इथे अणुवीज केंद्र बांधायला घेतलं, अमेरिकन वेस्टिंगहाउस कंपनीला काम, आणि मधला दलाल हर्मिनियो दिसिनी, ज्याची बायको इमेल्डाची चुलत-मामे नात्यातली बहीण आणि तिची डॉक्टर. खर्च २०० कोटी डॉलरच्या वर गेला आणि त्या केंद्राने आजपर्यंत एक युनिट वीज दिलेली नाही. त्याचं कर्ज फिटलं २००७ मध्ये. ज्या पोरांचा जन्म मार्कोस पळाल्यावर झाला त्यांनीसुद्धा मोठं होऊन त्याचे हप्ते भरले. मार्कोस गेला तेव्हा देशावर २६०० कोटी डॉलरच्या आसपास परदेशी कर्ज होतं.

इमारतींचं इमेल्डाला वेड होतं. सांस्कृतिक केंद्र, हृदयाचं हॉस्पिटल, किडनीचं हॉस्पिटल, अधिवेशन भवन. हॉस्पिटलं आजही चालू आहेत, तिथे लोक बरे होतात, ते नाकारू नये. पण १९८१ मध्ये पोप येणार म्हणून नारळाच्या लाकडाचा महाल बांधला, पोपने तिथे राहायला नकार दिला कारण देशात एवढी गरिबी असताना असला थाट त्यांना पटला नाही. आणि त्याच वर्षीचं मनिला फिल्म सेंटर, ते तर नीट ऐका. जानेवारी १९८२ मध्ये आंतरराष्ट्रीय फिल्म फेस्टिवल भरवायचा होता, तारीख ठरलेली, पाहुणे ठरलेले, इमारत अपुरी. हजारो मजूर तीन पाळ्यांत दिवसरात्र कामाला. १७ नोव्हेंबर १९८१ च्या पहाटे वरच्या भागातली मचाण कोसळली, मजूर खाली ओल्या, लवकर सुकणाऱ्या सिमेंटमध्ये पडले. ॲम्ब्युलन्स आणि पत्रकारांना कितीतरी तास आत सोडलं नाही, आधी सरकारी निवेदन तयार व्हायला हवं होतं. किती मेले याचा आकडा आजही वादात आहे, कारण खुली चौकशी झालीच नाही. फेस्टिवल मात्र जानेवारीत ठरल्याप्रमाणे झाला. मला विचाराल तर इमेल्डाच्या कारभारावर बोलायचं असेल तर ह्या मचाणीपासून सुरुवात करायला पाहिजे, बुटांपासून नाही.

ती स्वतः काय म्हणायची, तर गरिबांना कोणीतरी झळाळणारं बघायला हवं असतं, आपण सजतो ते त्यांच्यासाठी. बरेच गरीब हे मानायचेही, आजही मानतात, त्यांना दोष देऊन उपयोग नाही, कारण गावात दुसरं काही पोचतच नव्हतं, पेपर सरकारचे आणि टीव्ही सरकारचा.

ऑगस्ट १९८३ मध्ये विरोधी नेता बेनिग्नो अक्विनो परदेशातून परतला आणि मनिलाच्या विमानतळावरच त्याला गोळी घातली, तिथून राजवट घसरायला लागली, फेब्रुवारी १९८६ ची निवडणूक चोरली गेली आणि लाखो लोक रस्त्यावर आले. मार्कोस कुटुंब पळून हवाईला पोचल्यावर अमेरिकन कस्टम्सने त्यांचं सामान उघडलं तर त्यात दागिने, सोनं आणि कोट्यवधी पेसोंच्या कोऱ्या नोटा. इकडे बेनिग्नोची विधवा कोराझोन अक्विनोने सत्तेत येताच पहिलाच आदेश काढला तो लुटलेला पैसा शोधायच्या आयोगाचा, आणि स्वित्झर्लंडने मार्च १९८६ मध्येच मार्कोसची खाती गोठवली. गोठवली म्हणजे परत दिली असं नाही, तिकडच्या कोर्टांत अकरा वर्षं गेली.

मग शिक्षा का नाही झाली असं सगळे विचारतात. १९९० मध्ये न्यूयॉर्कमध्ये तिच्यावर खटला चालला, चोरीच्या पैशातून मॅनहॅटनमधल्या इमारती घेतल्या, सरकारी बॅंकेच्या न्यूयॉर्क शाखेचा पैसा खरेदीला वापरला असे आरोप. नवरा आधीच्या वर्षी वारला होता. २ जुलै १९९० ला, तिच्या एकसष्टाव्या वाढदिवशी, ज्युरीने तिला निर्दोष सोडलं. फौजदारी खटल्यात ह्याच बाईने, जाणूनबुजून, हे केलं असं संशयाला जागा न ठेवता दाखवावं लागतं, आणि कागदावर तर सगळीकडे दुसऱ्यांची नावं, वकील, फाउंडेशन, दोस्त. फाउंडेशनची सगळी कारागिरी त्यासाठीच तर असते. २००३ चा मालमत्ता जप्तीचा निकाल वेगळ्या कायद्याने लागला, तिथे फक्त पगार आणि संपत्ती जुळते का एवढंच बघायचं होतं, म्हणून तिथे जमलं. लोक ह्या दोन गोष्टी एकत्र करतात आणि कोर्टाने सोडलं म्हणजे पैसा तिचाच होता असं समजतात.

१९९१ ला ती मायदेशी परतली, दोनदा राष्ट्राध्यक्षपदाच्या रिंगणात उतरली, खासदार म्हणून अनेक वर्षं बसली. १९९३ ला एका भ्रष्टाचाराच्या खटल्यात दोषी, १९९८ ला सुप्रीम कोर्टाने तो निकाल फिरवला. नोव्हेंबर २०१८ मध्ये भ्रष्टाचाराच्या विशेष कोर्टाने ह्याच स्विस फाउंडेशनांवरून तिला सात गुन्ह्यांत दोषी ठरवलं, एकेका गुन्ह्याला ६ ते ११ वर्षं, पण अपील आणि जामीन, तुरुंगात ती गेली नाही. २०२२ मध्ये मुलगा फर्डिनांड ज्युनियर ३ कोटीहून जास्त मतं घेऊन राष्ट्राध्यक्ष झाला.

अप्पांचा शेवटचा प्रश्न होता की मंग त्या नारळवाल्याला काय मिळालं. लुटलेला पैसा शोधणाऱ्या आयोगाने २०२० पर्यंत सुमारे १७,००० कोटी पेसो परत मिळवले होते. स्विस पैशातले १००० कोटी पेसो २०१३ च्या कायद्याने मार्शल लॉमध्ये छळ झालेल्यांसाठी ठेवले आणि ११,१०३ जणांची पीडित म्हणून नोंद झाली. सॅन मिगेलच्या शेअरचा २४ टक्क्यांचा गठ्ठा सरकारचा, पण तो फक्त नारळ शेतकऱ्यांच्या आणि नारळ उद्योगाच्या भल्यासाठीच वापरायचा, हे सुप्रीम कोर्टाने २०१२ मध्ये पक्कं केलं, आणि ७५०० कोटी पेसोंचा नारळ शेतकरी निधी उभा करायचा कायदा झाला फेब्रुवारी २०२१ मध्ये, म्हणजे कपात सुरू झाल्यापासून ४८ वर्षांनी, ज्याच्या हातात १९७३ ची पावती दिली होती त्याचा नातू आता कर्ता माणूस झालेला. आणि हा निधी रोख हातात येत नाही, रोपं, प्रशिक्षण, विमा, कर्ज अशा सरकारी योजनांतूनच येतो.